सहावा नियम

प्रिय ठमे,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा घसा बसल्याचं सांगून मी लवकर ठेवला. घसा ठणठणीत होता. कॉलेज कसं चाललंय असं तू विचारलंस आणि मला पुढे बोलवेना. शिवाय मी काही अवघड सांगायला लागले की तू "जाऊ दे गं आई" म्हणतेस, आणि मग मीही जाऊ देते. कागदावर तुला मध्ये बोलता यायचं नाही.

तर कॉलेज. पहिल्या दिवशी दारातल्या मुलाने विचारलं, "काकू, कोण हवंय?" मी म्हटलं, बाक हवाय. तेव्हापासून सगळ्या वर्गाची काकू झालेय. शेजारी केस निळे रंगवलेली एक मुलगी बसते. ती मला फोनवरून फाइल पाठवायला शिकवते आणि मी तिची बटणं लावून देते. लेखनाच्या बाई तुझ्याहून लहान असतील. पहिल्याच तासाला त्यांनी नियमांचा कागद वाटला. फोन दप्तरात ठेवायचा. उशिरा दिलेलं घेतलं जाणार नाही. कच्चा खर्डा वर्गात आणायचा आणि तो शेजारच्याने मोठ्याने वाचायचा, म्हणजे आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी कसं वाटतं ते कळतं. सहावा नियम असा, की लिहाल ते स्वतः पाहिलेलं आणि स्वतःच्या शब्दांत असावं. दुसऱ्याचं काही घेतलंत तर कुणाचं ते सांगावं. खाली सहीची जागा. मुलांनी न वाचताच सह्या ठोकल्या. मी चष्मा लावून दोनदा वाचलं, मग सही केली. बाई हसून म्हणाल्या, चला, एकीने तरी वाचलं. त्या एकीनेच तो नियम मोडला.

पहिलाच विषय होता, 'मी हजर होते असा एक तास'. मला वाटलं, आपल्याला काय अवघड आहे. मी वाचायला कशी शिकले तुला ठाऊकच आहे. शिवणाच्या दुकानात कापडाला गुंडाळून आलेले वर्तमानपत्राचे कागद काजं करता करता वाचायचे आणि अडलेलं अक्षर मालकिणीला विचारायचे. त्यानंतर वाचनालयाची दोन कपाटं संपवली. इतकं पोटात गेलंय तर थोडं बाहेरही येईल, असा माझा हिशेब. आठवडाभर रोज मशीन झाकून झाल्यावर तिथंच कागद घेऊन बसायचे. शिवणाच्या पहिल्या दिवसावर दहा ओळी लिहिल्या. वाचून पाहिल्या तर कपडे कसे धुवावेत त्याच्या सूचना वाटल्या. द्यायच्या आदल्या दिवशी मी कपाट उघडलं आणि तू लिहिलेली ती चार पानं काढली.

बाबा गेले त्यानंतर महिनाभर मी तुला विचारत होते, शेवटी काय झालं, सांग ना. सांगायला बसलीस की तुला रडू फुटायचं. शेवटी लिहूनच दिलंस. ती पानं मी उतरवून काढली, ठमे. शब्दन् शब्द तुझा. 'बाबा'च्या जागी 'माझे पती' केलं आणि एक ओळ गाळली.

निळ्या केसांच्या मुलीने ते वाचलं. बाबा चादरीवर बोटांनी, जन्मभर दुकानात घासायचे तशी, किल्ली घासल्यासारखं करत होते, आणि मध्येच धार तपासावी तसा अंगठा फिरवत होते, हे तू लिहिलं आहेस ना, ती ओळ तिने पुन्हा एकदा वाचली. मागच्या बाकांवरचीही पुढे वाकून ऐकू लागली. तुझी वाक्यं परक्या मुलीच्या तोंडून ऐकताना मला भर वर्गात कुणीतरी हात धरून चोर म्हणून उभं केल्यासारखं झालं, आणि सगळे तर कौतुकाने बघत होते. बाई म्हणाल्या, तुम्ही तिथं होतात म्हणूनच हे असं उतरलं. येत्या सोमवारी पहिल्या वर्षाच्या सगळ्या तुकड्या एकत्र बसवून मी ते वाचावं, असं त्यांनी ठरवलंय. तास सुटल्यावर त्या मुलीने जिन्यात हळूच विचारलं, "काकू, शेवटी ते तुमच्याशी काहीच बोलले नाहीत?" मी म्हटलं, नाही.

मी गाळली ती ओळ तुला पाठ असेल. 'बाबांनी दोनदा विचारलं, आई कुठंय. मी सांगितलं, औषध आणायला गेलीय, दुकानात रांग असेल.'

रांग नव्हती. औषध पाच मिनिटांत मिळालं. त्या दिवशी सकाळी अकराला तू आलीस, म्हणालीस, मी बसते, तू जरा बाहेर जाऊन ये. किती दिवसांनी मी उन्हात चालले होते. वाटेत वाचनालय लागलं. एका कादंबरीची तीस पानं राहिली होती, ती तिथंच वाचून परत करावी असं मनात आलं. औषधाची पिशवी मांडीवर ठेवून मी ती वाचली, सावकाश, चवीने. दीड तास. घरी आले तर तू दारातच उभी होतीस. रडता रडता तूच म्हणालीस, "रांग होती ना?" आणि मी मान हलवली. तोंडाने काही खोटं बोलले नाही, अशी स्वतःची समजूत घालत पाच वर्षं काढली. मी हल्ली कुठल्याच पुस्तकाची शेवटची पानं वाचत नाही म्हणून तू चिडवतेस. त्याचं कारण हे.

उद्या, शुक्रवारी, बाईंच्या खोलीत जाऊन मी सांगणार आहे की ते लेखन माझ्या मुलीचं आहे. नियमांच्या कागदावर शेवटी लिहिलंय की स्वतःहून कबूल केलं तर एकदा नव्याने लिहू देतात. विषय तोच आहे, 'मी हजर होते असा एक तास', आणि मी हजर होते ती वाचनालयात. तेच लिहीन. सगळ्या तुकड्यांपुढचं वाचन मग होणार नाही, पण नियमाप्रमाणे सोमवारी वर्गात शेजारची मुलगी नवा खर्डा मोठ्याने वाचेल. सगळ्या वर्गाला कळायच्या आधी तुला कळावं म्हणून हे पत्र. लगेच फोन करू नकोस. रागव, हवे तितके दिवस रागव, मी समजेन. पण बाबांनी तुला दोनदा विचारलं होतं आणि तू माझ्या वतीने उत्तर दिलंस, ते खोटं आहे हे तुला माहीत नव्हतं. खरं उत्तर असं, की आई वाचनालयात होती, खिडकीजवळच्या तिसऱ्या खुर्चीवर, घरापासून सात मिनिटांवर.

तुझीच,
आई