अंकिड

ब्रेल्स, वॉरिकशायर
१४ मार्च १९५४

प्रिय हेस्टरवन्सं,

तुमचं पत्र पोचलं. कॅनडात अजून गुडघाभर बर्फ आहे हे वाचून इथल्या थंडीबद्दल कुरकुरायची लाज वाटली. आमच्या कोंबड्या पुन्हा अंडी घालू लागल्यात. आमच्या मुरिएलला शाळेत कायमची नोकरी लागली.

रूबेन स्वतः का लिहीत नाही, असं तुम्ही विचारलंत. वन्सं, तुमच्या भावाला ऑक्टोबरात झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तुम्ही इतक्या लांब, जिवाला घोर नको, म्हणून मी आपलं 'बरा आहे' लिहीत राहिले.

तो बॅनबरीच्या इस्पितळात होता. जानेवारीत एक शब्द परत आला. एकच. मी निघताना कोट चढवला की म्हणायचा, "अंकिड." नर्सला वाटलं, अंकल म्हणतोय. "काकांची फार आठवण येते हो यांना," ती म्हणाली. मी तुमच्या ईनॉककाकांचा फोटो नेऊन त्याच्यापुढे धरला. त्यानं तो डाव्या हातानं पालथा घातला आणि भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टर म्हणाले, यांना आता शुश्रूषागृहातच ठेवा, तुम्हाला एकटीला झेपणार नाही. मुरिएलचंही तेच मत. मी हो म्हणून बसले.

त्याच दिवशी मी कोट चढवताना तो पुन्हा तेच म्हणाला, तसे शेजारच्या खाटेवरचे म्हातारे मिस्टर गिब्ज हसायला लागले. "बाई, काका कसले? तो अंकिड म्हणतोय. आमची आई म्हणायची. एकटं, भकास वाटायला लागलं की."

"कुणाला वाटतंय?" मी आपलं वेड्यासारखं विचारलं.

"ते मी कसं सांगू? कोट तर तुम्ही घालताय."

तुम्हाला हा शब्द लगेच कळला असता. मी पडले कार्डिफची. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण त्याच्या तोंडून तो कधी ऐकला नव्हता. परतताना वाचनालयात शिरले आणि मोठा शब्दकोश काढला. फार पूर्वी 'किड' म्हणजे कळवलेलं, सांगितलेलं. अंकिड म्हणजे कुणाला न सांगितलेलं. त्यावरून अनोळखी, मग भयाण, आणि तुमच्या गावापर्यंत येता येता एकाकी. मी तिथेच बाकावर बसून रडले. वाचनालयातल्या मुलीनं पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं, त्याला घरी नेते. मुरिएल चिडली. "आई, तू पडलीस तर?" म्हटलं, "पडले तर दोघं मिळून पडून राहू." तीच मग सुट्टी काढून माडीवरची खाट खाली आणायला आली.

तीन आठवडे झाले. शेजारचा अल्बर्ट त्याला उचलायला येतो. रूबेन आता 'चहा' म्हणतो, मला 'विनी' म्हणतो. काल मांजराला शिवीही दिली. तो शब्द मात्र घरी आल्यापासून त्यानं काढलेला नाही.

दिवसा ठीक जातं. पण तो झोपला की बोलायला कुणी नसतं, आणि माझी कंबर गेली आहे, हे मुरिएलला सांगितलेलं नाही. रूबेनला तुमची भेट हवी आहे असं लिहिणार होते. तो तसं बोललेला नाही. मला हवी आहे. तिकडचं बर्फ वितळून बोटी सुरू झाल्या की याल का?

वाट पाहणारी,
तुमची वहिनी विनिफ्रेड