तेक्लाच्या दिवशीचं वादळ

३ सप्टेंबर

पोहोचले एकदाची! पोन्सेहून निघालेली मोटार वाटेत दोनदा बंद पडली. ड्रायव्हर दोन्ही वेळा गाडीवर न चिडता मलाच म्हणाला, बाई, पेटीत दगड भरलेत की काय? दगड नाहीत, पुस्तकं आणि बॅरोमीटर आहे म्हटल्यावर मात्र त्याने पेटी अशी जपून उतरवली, जणू आत तान्हं मूल निजलं आहे.

ओब्दुलिया रस्त्यावरच उभी होती. माझी दुया. कॉन्व्हेंटच्या पहिल्या वर्गापासून आम्ही एका बाकावर बसलो, बाकाखाली पेरूची वडी वाटून खाल्ली, आणि सिस्टर पेर्पेतुआंनी पकडलं की दोघी शेजारीशेजारी गुडघ्यांवर शिक्षा भोगली. केस पांढरे झाले, पण हसताना अजून तोंडावर हात धरते. तिला बघून मी रडलेच. ती म्हणाली, रड बाई, डोळे धुऊन निघतील, उद्यापासून त्यांना काम आहे.

काम गोड आहे. गावापासून वेगळं, समुद्रात घुसलेल्या टोकावर एक लाकडी घर आहे, वर जस्ताचं छप्पर, निळ्या झडपा. तिथे राहायचं, सकाळ-दुपार बॅरोमीटर वाचायचा, ढग आणि लाटा पाहायच्या आणि दुयाला कळवायचं. गावचं तारघर तिच्याकडे आहे. ती सान हुआनच्या हवामान कचेरीला तार करते. हवामानाचं हे वेड सिस्टरांनीच लावलं होतं मला. माझा नवरा एन्रिके गेल्यापासून पोन्सेतलं घर अंगावर यायचं. दुयाने बोलावलं, मी आले.

आणि इथली माणसं! होडीतून, वाळूतून, माडाखालून सगळे हाका मारतात, तेक्लाबाई, तेक्लाबाई! नवरा गेल्यावर मी नुसती ‘बिचारी’ होऊन बसले होते. किती दिवसांनी माझं नाव माझ्या कानांवर पडलं.

५ सप्टेंबर

आज संत ओब्दुलियाचा दिवस, म्हणजे तिच्या नावाच्या दुयाचा सण. तिच्याकडे तुरीच्या दाण्यांचा भात आणि दाट चॉकलेट होतं. तिची लेक मेर्सेदेस बाळाला घेऊन आली होती. मेर्सेदेसची धर्ममाता मी. बाप्तिस्म्याच्या पाण्याखाली मीच तिला धरली होती. तेव्हा तिने माझी बाही ओली केली होती, आज तिच्या लेकीने तेच केलं. सगळे हसले. मेर्सेदेस म्हणाली, मावशी, तुमच्या बाहीवर आमच्या घराण्याचा हक्कच आहे.

दुया मात्र दिवसभर खिडकीशी होती. समुद्र आरशासारखा, तरी तिची नजर हलेना. ऊन उतरलं तशी ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, सुटले बाई. कशातून, विचारलं, तर म्हणाली, पाहुण्यांतून.

१० सप्टेंबर

बॅरोमीटर इथे श्वास घेतो. सकाळी वर, दुपारी खाली, सांजेला पुन्हा वर. हवा चांगली असेपर्यंत हा श्वास चुकत नाही. तो चुकला की सावध व्हायचं.

इथल्या एका गोष्टीची गंमत वाटते. मला सगळे नावाने हाक मारतात, पण आपसांत कुणीच कुणाचं नाव घेत नाही. सुतार म्हणजे खेकडा. पाव आणणारी म्हातारी म्हणजे पिसू. घराबाहेर पडलं की दुयासुद्धा लेकीला चिमणी म्हणते. मी खेकड्याला त्याचं बाप्तिस्म्याचं नाव विचारलं, तर तो समुद्राकडे पाठ करून म्हणाला, नोव्हेंबर संपू दे तेक्लाबाई, मग नाव काय, पत्रिका सांगतो. बाकीचे खो खो हसले. मीही हसले.

१६ सप्टेंबर

सान हुआनची तार. बार्बाडोसच्या पूर्वेला, पुष्कळ लांब, एका जहाजाला घोंगावणारा वारा आणि पाऊस लागला आहे. अजून चक्रीवादळ नाही. होईल का, हा प्रश्न.

विरूनही जाईल. दहांतली निम्म्याहून अधिक विरतात. बॅरोमीटर नीट श्वास घेतो आहे, लाटा आखूड आहेत. मी दुयाला कळवलं, अंदाज: शक्यता कमी. ती म्हणाली, तू नीट पाहिलंस ना? पुन्हा पाहा. तिला बातमी चांगली हवी होती की वाईट, ते मला कळलं नाही.

१८ सप्टेंबर

लाटा बदलल्या. दोन लाटांमधलं अंतर वाढलं आहे, आणि प्रत्येक लाट दमलेल्या माणसासारखी अंग टाकते. वारा नाही. असल्या लाटा जवळच्या वाऱ्याच्या नसतात. त्या दुरून कुणीतरी पाठवलेल्या असतात.

आग्नेयेला पिसांसारखे ढग उगवले आहेत, सगळे क्षितिजावरच्या एका बिंदूतून पसरलेले. सिस्टर सांगायच्या, तो बिंदू डावीउजवीकडे सरकला तर वादळ बाजूने जाईल. सरकला नाही तर ते तुमच्याकडेच येतंय.

खेकडा आला आणि घराच्या सगळ्या झडपा उतरवून घेऊन गेला. रंगवायच्या आहेत म्हणे. या दिवसांत? मी विचारलं, तर तो म्हणाला, सणाला घर कसं छान दिसायला हवं.

माझा दिवस तेवीसला, संत तेक्लाचा. लक्षात ठेवलाय सगळ्यांनी! किती प्रेमळ लोक.

२० सप्टेंबर

बिंदू सरकलेला नाही.

बॅरोमीटर काल सांजेला वर गेलाच नाही. तार: वादळ जोर धरतंय, चक्रीवादळ होणार. मी डोलकाठीवर लाल निशाण चढवलं आणि गावात धावत गेले. गावात बायका कपडे वाळत घालत होत्या. कुणी खिडक्या ठोकत नव्हतं, पाणी भरत नव्हतं, होड्या वर ओढत नव्हतं. वादळात माणसं शिरून बसतात त्या बुटक्या झोपड्यांमध्ये कोंबड्या खुशाल फिरत होत्या. मी ओरडले, चक्रीवादळ येतंय! एक बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, हो ना तेक्लाबाई, ठाऊक आहे आम्हाला, तुम्ही घरी जा, दमलात.

परतले तर निशाण उतरवलेलं होतं. व्यवस्थित घडी घालून पायरीवर ठेवलेलं.

२१ सप्टेंबर

सगळं घडलं तसं, नीट लिहिते.

पिसू पाव घेऊन आली. पावाबरोबर आज केक होता. ती खाली बसली, माझे दोन्ही हात हातांत घेतले आणि त्यांना ओठ लावले. म्हणाली, फार मोठं मन तुमचं. मला वाटलं, निरीक्षणाच्या कामाबद्दल म्हणते आहे. म्हटलं, त्यात काय, मला आवडतं. तशी ती रडू लागली. आवडतं म्हणतात बघा! तुमच्या आधी या घरात राहायचा तो मास्तर हासिंतो, तो तर शेवटी फार ओरडला. पण त्याच्या वादळात गावातलं एक कौलसुद्धा हललं नाही, देव त्याचं भलं करो.

मी विचारलं, कसला शेवट?

ती गोंधळली. दुयाने सांगितलं असेलच ना, म्हणाली. मग सगळंच बोलून गेली. आमच्या बेटावर वादळ ज्या संताच्या दिवशी किनाऱ्याला लागतं, त्या संताचं नाव त्याला देतात, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण हे गाव त्याच्या उलट मानतं. वादळाला नाव आधी असतं आणि ते त्या नावाचं माणूस शोधत येतं. ते मिळालं की तिथेच फुटतं, पुढे सरकत नाही. म्हणून वादळांच्या मोसमात, नोव्हेंबर संपेपर्यंत, इथे कुणी नाव घेत नाही. म्हणून टोकावर घर. म्हणून माझं नाव घ्यायचं मोठ्याने, समुद्राकडे तोंड करून, रोज.

आणि मला वाटलं होतं—

हासिंतोनंतर ऐन मोसमात नावाचा दिवस येणारं, मागे कुणी नसलेलं माणूस सापडत नव्हतं. दुयाला आठवलं एक.

२२ सप्टेंबर

तारघरात गेले. दुयाने नाकारलं नाही. ती माझ्याकडे बघतही नव्हती. म्हणाली, तेवीस तुझी आणि चोवीस मेर्सेदेसची. मेर्सेदेस मातेचा, पवित्र कुमारीचा दिवस. तिला तान्हं मूल आहे. तुला कोण आहे, तेक्ला? मूल ना बाळ. एन्रिके गेल्यावर तूच लिहिलं होतंस, आता जगून काय करू म्हणून.

लिहिलं होतं. मैत्रिणीला लिहितात तसं.

मी म्हटलं, हे सगळं खुळ्या लोकांचं बोलणं आहे. ती म्हणाली, मग इतकी थरथरतेस का? आणि मग, शाळेत माझ्या पाटीवरचं उत्तर बघायची ना, अगदी त्याच आवाजात तिने विचारलं, तुझं गणित काय म्हणतं? तेवीस की चोवीस?

आणि मी सांगितलं. सवयीने. म्हटलं, वेग पडलाय त्याचा. असंच चाललं तर चोवीसची पहाट.

दुया पांढरीफटक पडली. ती धावतच बाहेर गेली.

मी गावाबाहेर जाणाऱ्या पुलापर्यंत चालत गेले. तिथे खेकडा आणि बरेच जण उभे. कुणी हात लावला नाही. हसून म्हणाले, तिकडे कुठे तेक्लाबाई? वाट चुकलात. घरापर्यंत सोबत आले. छत्री धरली माझ्यावर.

२३ सप्टेंबर, सकाळ

किनाऱ्यावर सगळं गाव. समुद्राकडे तोंड करून. तेक्ला. तेक्ला. लहान पोरंसुद्धा. वादळाचा वेग वाढावा म्हणून.

बॅरोमीटर दर वेळी खाली. श्वास नाहीच आता. ढगांचा बिंदू दिसत नाही, सगळं आभाळच तो बिंदू झालं आहे.

लाटा थोड्या आखडल्या आहेत. हाका मारल्या की त्या—

नाही. हे मी लिहिणार नाही. मी शिकलेली बाई आहे.

दुपार

मागच्या बाजूला, तिवरांच्या चिखलातून वाट आहे. ती कुणी राखत नाही. ओहोटी आहे. पाऊण तासात मी दलदलीपलीकडे जाऊ शकते, तिथून उसाच्या मळ्यात. मग आजचा दिवस संपेल. मग ते चोवीसला, मेर्सेदेसच्या दिवशी येईल.

चप्पल घातली. काढली.

ओल्या बाहीचा वास आठवतो आहे. त्या वेळी ती इतकीशी होती. पाद्रींनी नाव विचारलं आणि ते मीच सांगितलं. मेर्सेदेस. माझ्या तोंडून मिळालं तिला ते नाव.

दुयासाठी नाही. दुयासाठी कधीच नाही. पण त्या पोरीला यातलं काहीच ठाऊक नसणार. ती निर्मळ आहे.

राहते. कुणाला सांगणार नाही. ठरलं. मन कसं हलकं झालं.

—

मेर्सेदेस आली होती! एवढ्या वाऱ्यात, डोक्यावर शाल घेऊन, एकटी. मला वाटलं, न्यायलाच आली. पळ पोरी, म्हटलं, तू आधी बाळाकडे जा. ती दारातच गुडघ्यांवर बसली, हात जोडले. आशीर्वाद द्या, मावशी. आपल्याकडे धर्ममातेचा आशीर्वाद घेतल्याशिवाय निरोप घेत नाहीत, तसा. मी तिच्या ओल्या केसांवर हात ठेवला. देव तुझं भलं करो, लेकी. तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं. किती वेळ पाहिलं. मग उठली, दार ओढून घेतलं.

आता दारावर काहीतरी

हातोडी

खेकड्याची नाही. खेकडा तालात ठोकतो. हे ठोके चुकताहेत, सवय नसलेल्या हाताचे. मध्ये थांबते. हुंदका. पुन्हा ठोका.

मी हाक मारली. नावाने नाही, चिमणी म्हणून. ठोके जोरात झाले.

खिडक्यांना झडपा नाहीत, पण खिडक्यांबाहेर आता जमीनही नाही, पाणीच आहे. छपराचा एक पत्रा गेला. दुसरा. आणखी—

वहीवर पाणी. पेन्सिलने लिहिते. बॅरोमीटर सर्वांत खाली. वेळ संध्याकाळ, अजून तेवीसच. माझा अंदाज चुकला, दुया. तेवीसच.

ठोके थांबले. ती गेली. पळत गेली, पायऱ्यांवर पडली, उठली, हे ऐकलं मी.

दाराला खिळे ठोकायची गरज नव्हती पोरी, मी राहणारच होते, तू नुसतं विचारलं असतंस तरी मी