पाय आत होता

बाबा, आज मी रेषेवर उभी होते. गळ्यात शिट्टी नाही, अंगात पंचाचा पांढरा शर्ट नाही. शाळेच्या मैदानाच्या कडेला, चुन्याच्या फक्कीवर नजर लावून. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, आणि आज घरी आल्यापासून मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे. बोलून भांडायचं राहूनच गेलं. म्हणून लिहायला बसले.

तुमची नात आता आठ वर्षांची आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. महाडला आमच्या घराजवळच्या शाळेत एक तरुण सर संध्याकाळी लहान मुलांना कबड्डी शिकवतात, तिथे ती जाते. मी बाकावर पुस्तक उघडून बसते आणि एक पान वाचून होत नाही. या वयाची मुलं संघ म्हणून खेळायला शिकतात ते पाहण्यासारखं असतं. साखळी धरा म्हटलं की दोघी हात धरतात आणि तशाच गप्पा मारत राहतात. एक मुलगा चढाईला जातो आणि मध्येच थांबून चड्डी वर ओढतो, मग पुन्हा दम घेतो. तुमची नात सुरुवातीला आपल्याच गड्याला पकडायची. सर ओरडले, "अगं, तो आपला आहे!" तर म्हणते, "मग मध्ये कशाला येतो?" आता मात्र शेजारणीचा हात सुटला तर तिच्याकडे न बघता तो बरोबर शोधते. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपलं खाचर आठवलं. भात कापून झालेलं, पायाला खुंट टोचताहेत, आणि तुम्ही काठीने माती ओरबाडून रेषा आखताय. मुंबईला गोदामात काम करून, तिथल्या मंडळात खेळून परत आलेले तुम्ही; आणि पोरगी असून मला शिकवताय म्हणून वाडीतले लोक बांधावर उभे राहून हसताहेत. तुम्ही त्यांच्याकडे बघतही नाही. मला सांगता, "रेषा कुणाची नसते गो. बापाची नसते, लेकीची नसते. पाय कुठं पडला, तेवढंच बघायचं."

हे वाक्य मी किती व्यासपीठांवरून बोलले आहे याची तुम्हाला कल्पना नाही. मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसांचा समुद्र जमतो, त्यातल्या एका छोट्या मांडवात मीही दरवर्षी बोलते, आणि न्याय म्हणजे काय हे सांगताना मोठमोठ्या पुस्तकांतली वाक्यं बाजूला ठेवून तुमचं सांगते. लोक टाळ्या वाजवतात. तुमचं नाव मात्र मी कधी घेत नाही.

गेल्या महिन्यात एके दिवशी मला मैदानावर जाता आलं नाही, तेव्हा पोरगी धावत घरी आली. चेहरा असा फुललेला, जणू बक्षीस मिळालंय. "आई, सरांनी आज गोष्ट सांगितली. पोलादपूरला एक पंच होते, त्यांची स्वतःची मुलगी खेळत होती, तरी त्यांनी तिला आऊट दिलं! सर म्हणाले, ते तुझे आजोबा! खरंच आपले आजोबा?" मी भाजी चिरत होते. म्हटलं, "हो." ती म्हणाली, "मग ती मुलगी म्हणजे तू?" पुन्हा म्हटलं, "हो." ती खूप हसली. "तू आऊट!"

तर बाबा, ती गोष्ट अजून फिरते आहे. तुमच्या दहाव्यालाही प्रत्येकाने तीच सांगितली होती. पोलादपूरच्या मैदानावर तालुक्याचा मुलींचा अंतिम सामना. नेमलेला रेषापंच आला नाही, म्हणून तुम्हाला उभं केलं. पंच म्हणून तुमचा शब्द घाटाखालच्या सगळ्या वाड्यांत चालायचा. शेवटची चढाई माझी. दोघींना शिवून मी कडेने वळले, अंग बाहेर झुकलेलं, डावा पाय रेषेच्या आत. मला तो पाय आजही दिसतो. त्याच्या आणि चुन्याच्या मध्ये चार बोटं कोरडी माती. मी मध्यरेषा ओलांडली, आमच्या मुली माझ्या अंगावर पडल्या, आणि मागे वळून पाहिलं तर तुमचा हात वर. चढाईवाली बाहेर. मैदानभर टाळ्या सुरू झाल्या. आमच्या बाईंनीसुद्धा डोळे पुसत टाळ्या वाजवल्या. कुणीतरी पुढाऱ्याने माइक हातात घेतला आणि असा बाप, असा पंच पुन्हा होणे नाही म्हणून सांगितलं. तुम्हाला शाल आणि नारळ मिळाला. जिंकलेल्या मुली जिल्ह्याला गेल्या. आम्ही टेम्पोत बसून घरी आलो.

त्या संध्याकाळी चुलीपुढे आई नाचणीची भाकरी थापत होती. तुम्ही नारळ तिच्यापुढे ठेवलात. ती म्हणाली, "पोरीला बाद करून नारळ आणलात? फोडा तुम्हीच." मी दारात उभी होते. म्हटलं, "बाबा, माझा पाय आत होता." मला वाटलं, तुम्ही म्हणाल, नाय गो, बाहेर पडला. तसं म्हणाला असतात तर मी मानलं असतं. बापाचे डोळे चुकू शकतात. पण तुम्ही चुलीकडे बघत म्हणालात, "आत व्हता. मला दिसला." मी म्हटलं, "मग?" "मग काय? आत दिला असता तर लोक बोलले असते, बापानं लेकीला वाचवली. पंच म्हणून पुन्हा कुणी उभा केला असता का मला?" आईचा हात भाकरीवर थांबला. तुम्ही उठून गोठ्यात गेलात, म्हशीला पेंढा घातलात, आणि तो विषय आपल्या घरातून कायमचा संपला. बाहेर तो तेव्हा कुठे सुरू होत होता.

मी नंतर खूप वाचलं. वकिली केली नाही, पण कायदा वाचला, इतिहास वाचला, सत्तेपुढे वाकलेल्या माणसांच्या कथा वाचल्या. लाच खाऊन खोटं बोललेले, भिऊन खोटं बोललेले, पोटासाठी खोटं बोललेले, सगळे मला समजतात. भाषणात मी त्यांना सोलून काढते, पण समजतात. तुम्ही मात्र खरेपणाची कीर्ती मिळावी म्हणून खोटं बोललात. आपल्या माणसाला झुकतं माप देणं हा अन्याय, हे जगाला कळतं. आपल्याच माणसाचं माप कापून जगाला दाखवणं हाही तेवढाच अन्याय आहे, पण त्याला शाल मिळते. मला जिल्ह्याला जायचं होतं, ते गेलं, त्याचं दुःख फार दिवस टिकलं नाही. टिकलं ते दुसरंच. ज्या माणसाने मला रेषा दाखवली, त्याने माझा पाय पाहिला आणि लोकांचे चेहरेही पाहिले, आणि चेहऱ्यांच्या बाजूने हात वर केला. त्यानंतर मी कधीच खेळले नाही. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, का गो.

आज तुडीलची मुलं सामना खेळायला आली होती. गंमत म्हणून ठेवलेला सामना, पण आईबाप असे आले होते की जणू राष्ट्रीय स्पर्धा. सरांना कडेच्या रेषेला माणूस कमी पडला. माझ्याकडे येऊन म्हणाले, "मॅडम, तुम्ही उभ्या राहा ना. तुमच्या घरात तर रक्तातच आहे." सगळे कौतुकाने हसले. नाही म्हणायला हवं होतं, पण उभी राहिले. अर्धा वेळ नीट गेला. मग तुमच्या नातीची चढाई आली. एका गुटगुटीत मुलाला शिवून ती कडेने पळाली, थेट माझ्याकडे, अंग झुकलेलं, दात ओठांवर, आणि पाय माझ्यासमोर पडला. आत. स्वच्छ आत. पलीकडून त्या मुलाचे वडील ओरडले, "बाहेर! बाहेर गेली!" सरांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी म्हटलं, "आत आहे." ते गृहस्थ हसून म्हणाले, "आईच पंच! मग काय, आतच असणार!" आणि आमच्याच बाजूच्या एका बाई शेजारणीला हळू म्हणाल्या, पण मला ऐकू येईल इतक्याच हळू, "यांचे वडील असते तर वेगळं झालं असतं हो."

आमची मुलं जिंकली, उड्या मारत होती. ती मात्र नाचली नाही. स्कूटरवर मागे येऊन बसली. मग माझ्या पाठीला नाक लावून विचारलं, "आई, खरंच आत होता?"

"तुला काय वाटतं?"

"मला कळलं नाही. मी पळत होते ना." थोड्या वेळाने म्हणाली, "आजोबांनी आऊट दिलं असतं."

बाबा, मी खरं सांगितलं होतं आणि माझ्या लेकीला ते खोटं वाटलं. तुम्ही मला एकदा बाद केलंत, ते मी सोसलं. पण तुमच्या त्या एका हाताने माझा शब्द तिच्या मनातही बाद करून ठेवलाय, हे मला आज कळलं. मी स्कूटर बाजूला घेऊन थांबवली. पोलादपूर, शाल, चुलीपुढचं बोलणं, सगळं तिला सांगून टाकायचं म्हणून मागे वळले. तिच्या गुडघ्याला माती लागली होती. मी आता आजोबांची गोष्ट सांगणार, अशा खुशीत ती माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "हो. दिलं असतं."

तिला ते तुमचं कौतुक वाटलं. मी वाटू दिलं. व्यासपीठांवरून कुणाचीही भीड न बाळगता बोलणारी मी, एका आठ वर्षांच्या मुलीसमोर तुमच्याबद्दल खरं बोलू शकले नाही.