बोटावरचं दूध

माय, नातीनं काल कुत्र्याचं पिल्लू घरात आणलं. आईवेगळं आहे. बशीतलं दूध त्याला पिता येत नाही, नाक बुडवतं आणि शिंकतं. नात म्हणाली, "आजी, तूच पाज." मी दुधात पाणी घातलं, कोमट केलं, बोट बुडवलं. पिल्लाच्या तोंडाशी नेण्याआधी बोट उजेडात धरून पाहिलं. नखाच्या कडेला एक चीर होती. मी हात मागे घेतला.

जऊळक्याच्या शेतातल्या घरी, कापूस वेचायच्या दिवसांत, तुझ्या बोटांना अशा चिरा असत. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाशेजारी घुसत. संध्याकाळी तू त्यांत तेल भरायचीस आणि भाकरी थापायला बसायचीस. शेवटी परातीत उरलेल्या पिठाची इवलीशी भाकर, चानकी, व्हायची. ती आपल्या दारच्या कुत्रीची, ताकात कुस्करून, मीठ न घालता. कुत्री व्याली तेव्हापासून चानकी पहिली होऊ लागली, आणि मोठी. बा म्हणाला, "आमच्या आंधी कुत्रीले वाढून राह्यली काय?" तू तव्यावरून नजर न काढता म्हणालीस, "तुमी कोनाले पाजून राह्यले?" बा हसला. त्या घरातलं ते हसणं मला अजून ऐकू येतं, कारण त्यानंतर बरेच दिवस कोणी हसलं नाही.

व्यायच्या आधी कुत्री नाल्याकडून फाटका कान घेऊन आली होती. कोल्ह्यानं धरलं असेल, असं बा म्हणाला होता. कान भरून आला, आम्ही विसरलो. मग एका संध्याकाळी ती चानकीशी आली आणि तिनं तोंड लावलं नाही. जबडा लोंबत होता. तू पाण्याची कुंडी पुढे सारलीस. ती पाण्यावर वाकली, आणि पाणी गळ्याखाली उतरेना. तिच्या सगळ्या अंगाला झटका बसला. गावातली माणसं काठ्या घेऊन आली. तू मला आत ओढलंस आणि माझे कान झाकलेस. आवाज तरीही आला.

बा पिल्लंही मारायला निघाला होता. तू दारात उभी राहिलीस. "त्यायनं कोनाले चावलं? डोये बी उघडले नाही अजून." शेळीच्या दुधात चिंधीची वात बुडवून दिलीस, पिल्लांनी ती धरली नाही. मग तू बोट बुडवलंस. ती ओढू लागली. पाजता पाजता मला सांगत होतीस, दूध पातळ कर, कोमट ठेव, पोट टम्म झालं का थांब, गूळ देऊ नको, जंत होतात. दात आले की कण्यांची आंबील, मग ताकातली भाकर. शेजारच्या शेतातली काकू कुंपणाशी उभी राहून पाहत होती.

"काय करून राह्यली वं? पिसायलेल्या कुत्रीनं चाटलेले पिल्लं ते. तुह्या हाताले चिरा हायेत."

"मंग?"

"मंग काय! पानी पाहून भेशीन. कोनाले लगेच होते, कोनाले पुढच्या पेरनीले. पानी गियता आलं नाही का समज."

तू बोट पदराला पुसलंस. मग पुन्हा दुधात बुडवलंस.

बा म्हणाला, "अकोल्याले चाल. पोटात सुया देतात." तू म्हणालीस, "आन् कापूस? वाऱ्यानं खाली पडून राह्यला." गाडी जवळच्याच स्टेशनातून सुटायची. तिची शिटी झाली की मी तुझ्याकडे पाहायचे. तू कमरेला बांधलेल्या ओट्यातला कापूस गाठोड्यात रिकामा करत असायचीस.

तेव्हापासून मी तुझ्यावर पहारा ठेवला. तू गडवा उचललास की मी हातातलं सोडून देत असे. घोट गळ्यातून खाली जाताना दिसला की माझा श्वास सुटे. पिल्लं वाढत होती, एकमेकांच्या अंगावर चढून आंबील चाटत होती, आणि मी त्यांच्याकडे पाहत नव्हते. एका दुपारी शेतात ऊन लागलं होतं. मडक्यात तळाशी थोडं पाणी उरलेलं. तू ते गडव्यात ओतलंस आणि माझ्यापुढे धरलंस. "मले नको. तू पे."

हे तू नेहमीच म्हणायचीस. पाणी असो, दूध असो, भाकरीचा शेवटचा तुकडा असो. पण त्या दुपारी मी ओरडले. "तू पे, माय! आंधी तू पे!" वेचणाऱ्या बाया थांबून पाहू लागल्या. तू माझ्याकडे पाहिलंस आणि तुला कळलं. तू सगळं पाणी प्यायलीस, माझ्यावरची नजर न काढता. हनुवटीवरून ओघळ गेला. "पाह्य," म्हणालीस. "गेलं पोटात."

पुढे रोज सकाळी, पिल्लांना पाजण्याआधी, तू मला हाक मारायचीस. "इकडं ये वं." मी आले की गडवाभर पाणी प्यायचीस आणि कामाला लागायचीस. पिल्लं जगली. पेरणी आली, गेली. तू हाक मारायची थांबलीस. मी तरी पाहत राहिले, लग्न होऊन जाईपर्यंत.

नातीचं पिल्लू डॉक्टरांना दाखवलं आहे, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. तुला वाचता येत नव्हतं. तू होतीस तेव्हा हे लिहिलं असतं, तर कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि पुढचं दुसऱ्या कोणाच्या तोंडून तू ऐकावंस असं मला वाटत नव्हतं. त्या दिवसांत एकदा मी तुझ्या हाकेआधीच उठले होते. तू गोठ्यामागे उभी होतीस, भिंतीकडे तोंड करून, गडवा दोन्ही हातांत. तू डोळे मिटलेस आणि एक घोट घेतलास. थांबलीस. गळ्यावरून हात फिरवलास. मग खाली बसलीस. मी परत जाऊन गोधडीत शिरले. थोड्या वेळानं तुझी हाक आली, नेहमीच्या आवाजात, आणि मी नुकतीच जागी झाल्यासारखी आले.

आज पिल्लाला त्याच बोटानं पाजून झाल्यावर मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. पाणी प्यायले. मग नातीला हाक मारली.