कुंकवामागचा सिग्नल

शुक्रवार, डिचोली

उद्यापासून सून गाडी घेऊन तुयेच्या कारखान्यात कामाला जाणार, आणि आज मी गाडी वळवताना मागचा ट्रक तिला घासून गेला, म्हणून लिहिते आहे. ट्रकवाला वर म्हणतो, "मावशे, सिग्नल दिसलोच ना!" म्हणजे दिसलाच नाही.

सिग्नलचा उजेड वाढल्याशिवाय चावी मिळणार नाही, असे सुनेला बजावले. म्हापशाहून एलईडी बल्ब आणले. मागे डावीकडे नवा लावला. घाईघाईने लुकलुकतो, पण मंदच. असे कसे? उजवीकडचा जुना काढण्याआधी सहज काच खरवडून पाहिली. यांनी दसऱ्याला तेलात कालवून लावलेले कुंकू, आणि त्यावर बसलेली खाणीची लाल धूळ! काच पुसली, तर जुनाच बल्ब नव्यापेक्षा लख्ख.

हे धावत आले. "अगो, पूजेचें कुंकू पुसलंस?"

"देवाक कुंकवांतल्यान दिसता, ट्रकवाल्याक ना."

सून तोंड फिरवून हसली.

डावी काचही पुसली, जुना बल्ब परत बसवला. यापुढे कुंकू बॉनेटवर. पण नवा इतक्या घाईने का लुकलुकतो? ते शोधायचेच आहे.

सुनेला दिले: गाडीची चावी आणि एक फडके.