रायफलीतलं शिसं

४ नोव्हेंबर १९८६, मंगळवार. बोईसर.
आजपासून मंदाचं कोचिंग मी स्वतः हातात घेतलं आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. सोळा तारखेला पालघरला एअर रायफलची निवड चाचणी. ज्युनिअर गटातलं पोरीचं हे शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी वयात बसणार नाही. क्लबच्या नामदेव सरांनी दिवाळीच्या सुट्टीत सरावाला क्लबची रायफल घरी दिली आहे. सोबत साधनांच्या नियमांचे आठ कागद, सगळे इंग्रजीत. आजच वाचणार.

६ नोव्हेंबर.
वाचले नाहीत. नियम लबाड लोकांसाठी असतात.
नेम धरताना मंदाच्या रायफलची नळी हलते. कारण उघड आहे, रायफल हलकी. कंपनीत स्टोअर सांभाळतो, वजनातलं मला कळतं.

९ नोव्हेंबर, रविवार.
सायकलने तारापूर. कोळीवाड्यातल्या गोदूबाईकडून जाळ्याला लावतात ते शिसं आणलं. म्हणाली, भाऊ, आता बंदुकीनं मासं मारणार हाय का? हसण्यावारी नेलं.
दुपारी मंदा मैत्रिणीकडे गेली. रायफलच्या दस्त्याचं, खांद्याला टेकतो त्या भागाचं, झाकण काढलं, आत शिसं भरलं, वरून कंपनीतलं रेझिन ओतलं. दगडासारखं बसलं. फर्स्ट क्लास काम! आनंदी म्हणाली, आधी सरांना विचारायचं होतं. बायकोला टेक्निकल गोष्टी सांगण्यात अर्थ नसतो.

१२ नोव्हेंबर.
मंदा म्हणते रायफल जड लागते, खांदा दुखतो. दूध पीत जा म्हणालो.
बाजारात सर भेटले. यंदा तपासणी कडक आहे म्हणे. जॅकेट, बूट, रायफल, सगळं बघतात. एकदा क्लबात तोलून न्या म्हणाले. शनिवारी नक्की.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
नेली नाही. क्लबातला काटा तरी कुठे बरोबर असणार?

१६ नोव्हेंबर, रविवार.
पालघर. तपासणीच्या टेबलावर रायफल ठेवली. वजन नियमापेक्षा जास्त. मला वाटलं काटा बिघडलाय. तपासनिसांनी दस्ता उघडला. आत बघत बसले. मग विचारलं, हे कोणी केलं?
मी तोंड उघडणारच होतो. मंदाने आधी दस्त्यात पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, मी.
साधनात छेडछाड म्हणून चाचणीतून बाद. शिवाय सरांनी तिला वर्षभर क्लबची बंदी घातली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. कोचने पंचांच्या कामात बोलू नये, म्हणून गप्प राहिलो.
एसटीत ती खिडकीकडे तोंड करून रडली. फार वाईट वाटलं. उद्या सरांना सगळं सांगणार.

१७ नोव्हेंबर.
फर्स्ट शिफ्ट. दमलो. उद्या नक्की.

१८ नोव्हेंबर, सुट्टी.
सकाळी सर स्वतःच घरी आले. आवाज ओळखला आणि मोरीत शिरलो. नळ सोडला. तरी ऐकू येत होतं. सर म्हणाले, मंदा, हे तुझं काम नाही, मला कळतं. ज्याने केलं त्याने एकदा तोंडाने सांगू दे, बंदी आजच्या आज उठवतो.
 मंदा म्हणाली, बाबा आंघोळ करतायत, थांबा.
सर थांबले. आनंदीने चहा दिला. मी साबण लावत होतो. नळाचं पाणी गेलं. बादलीतलं संपलं. तसाच पाटावर बसून राहिलो, कुडकुडत.
शेवटी कडी वाजली. मंदा म्हणाली, बाबा, या बाहेर. गेले ते.