प्रार्थनेच्या नावाखाली

८ सप्टेंबर, मंगळवार

आज आमच्या लाँड्रीत चादरीच चादरी. ताई आणि मी दोन टोकं धरून घड्या घालत होतो. (नात्याने थोरली जाऊ, पण तोंडात ताईच बसलंय.) मधेच थांबली. म्हणाली, "मला हल्ली प्रार्थनाच होत नाही गं. ओठ हलतात, आत काही नाही."

दर रविवारी संडे स्कूलच्या मुलांना शिकवणारी ताई!

"कुणाला बोलू नकोस हं."

छे, मी कशाला बोलू.

९ सप्टेंबर, बुधवार

चर्चमधल्या नर्सबाईंकडे बायकांचा प्रार्थनेचा गट. प्रत्येकीने एक विनंती सांगायची. माझी पाळी आली आणि ताईचं सगळं सांगून बसले. नाव नाही घेतलं — "आमच्या घरातली एकजण" म्हणाले. सगळ्यांनी डोळे मिटून मनापासून प्रार्थना केली. बरं वाटलं.

आमच्या घरात बायका दोनच. हे आता लिहिताना लक्षात येतंय.

१३ सप्टेंबर, रविवार

संडे स्कूलमध्ये एका चिमुरडीने ताईला विचारलं, "बाई, तुमचा देव हरवलाय का? आई म्हणाली, तो सापडावा म्हणून प्रार्थना कर." शेजारच्या वर्गातल्या बाईंनी मला सांगितलं. ताईने तास पूर्ण घेतला म्हणे.

घरी येताना माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

१४ सप्टेंबर, सोमवार

ती इस्त्रीवर, मी काउंटरवर. मधे टांगलेले शर्ट. शेवटी म्हणाले, "माझा हेतू वाईट नव्हता, ताई. प्रार्थनेसाठीच..."

कॉलर दाबत म्हणाली, "हेतूचं नको सांगू मला."

दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड, माझ्याशी गप्प. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "वहिनी विसरेल दोन दिवसांत." विसरेल म्हणे!

१६ सप्टेंबर, बुधवार

गटाला गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. दुखत नव्हतं.

१७ सप्टेंबर, गुरुवार

नर्सबाई दुकानात आल्या. हातात एकही कपडा नाही. मला मागच्या खोलीत नेलं, दार लोटलं. "डोकं कसं आहे?"

मी रडायलाच लागले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "पोरी, तू त्या दिवशी प्रार्थना नाही मागितलीस, बातमी दिलीस. आणि मी तुला तिथेच थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं, कारण मलाही ऐकायचं होतं. आता दोघींनी मिळून निस्तरायचं."

मी म्हणाले, देवाकडे रोज माफी मागतेय.

"चांगलं करतेस. आता जिची गोष्ट होती तिच्याकडे जा. आणि वाक्यात 'पण' घालू नकोस."

जाताना गालावरून हात फिरवला. एवढं झोंबणारं, आणि एवढ्या मायेनं, मला कधी कुणी बोललं नव्हतं.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

बोलले. शटर वर करायच्या आधीच. "ताई, गोष्ट तुझी होती. मी ती चारचौघींत वाटून टाकली. मी किती काळजी करते हे त्यांना दिसावं म्हणून. माझं चुकलं." 'पण' जिभेवर आला होता. गिळला.

तिने शटरचं कुलूप काढलं. मग म्हणाली, "त्या पोरीला खोटं सांगवेना गं. म्हटलं, हो, हरवलाय, शोधतेय. तर म्हणते कशी, मी पण येऊ शोधायला?"

हसली. हसता हसता डोळे पुसले.

"राग गेला नाहीये माझा."

"असू दे," म्हटलं.

"चहा टाक."

२३ सप्टेंबर, बुधवार

गटात सगळ्यांसमोर सांगितलं — ते बोलायचा मला हक्क नव्हता. ताईला काही विचारू नका, कीव करून बघूही नका. नर्सबाईंनीही स्वतःचं सांगितलं. आमचं दोघींचं ठरलंय: गटाआधी त्या मला बाजूला घेऊन विचारणार, "कुणाची गोष्ट वाटून टाकलीस का?" आणि मी त्यांना. आईच्या वयाच्या बाईला असं विचारायचं! जीभच रेटत नव्हती. विचारलं.

ताई आज माझ्याशी डब्यातल्या मिठावरून भांडली. किती बरं वाटलं.

६ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी दुकानात कुणी नव्हतं. ताईने इस्त्री बंद केली, माझा हात धरला आणि प्रार्थना केली. मोठ्याने, दोनच वाक्यं.

काय म्हणाली ते इथेही लिहिणार नाही.